घुमटाचा पट्टा

दुर्गेश पणजीला कसिनोच्या बोटीवर कामाला आहे.
तिथे पत्ते एका रात्रीत म्हातारे होतात.
पुन्हा कुणी डावात घेऊ नयेत
म्हणून मधोमध भोक पाडून टाकून देतात.
तो पिशवी भरून चोडणच्या फेरीने घेऊन येतो.
मी कोपऱ्यांना आणखी चार भोकं पाडते
आणि त्यांना परत डावात घेते.

सोळा पत्ते, चौसष्ट दोरे.
एक टोक खिडकीच्या गजाला,
दुसरं माझ्या कमरेला.
पाव वळसा फिरवायचं, तोंड उघडलं की
आडवा दोरा सारायचा, सुरीच्या पाठीने ठोकायचं.
चौकटची राणी दिवसभर कोलांट्या घेते,
तोंडावर तेच हसू.

फोंडूचा निरोप आला,
मावशे, चवथीआधी घुमटाला पट्टा कर,
पण गेल्या वर्षीसारखा नको.
आरती संपेपर्यंत घामाने सदरा लाल झाला होता,
लोक विचारत होते मारामारी कुणाशी झाली.

खरं आहे. म्हापशाच्या शुक्रवारी
स्वस्तात मिळालं म्हणून उचललं होतं ते सूत,
भिजवून पाहिलंच नव्हतं.

म्हणून यंदा विणणं नंतर, आधी दोरा.

बेळगावची लोकर लावून पाहिली.
पत्ता फिरला की शेजारणीच्या गळ्यात पडते,
सोडवावी तर पुन्हा मिठी.
तोंड उघडायलाच तयार नाही.
एवढी माया कामाच्या वेळी नको.

काथ्याने दोन वळशांत
राणीचा कोपरा करवतला.

केळीच्या सोपाचा धागा मात्र देखणा,
सरळ ओढला तर रेडा बांधावा,
गाठ मारली की गाठीतच कट्कन मोडतो.

हातमागाचं एकेरी सूत घेतलं.
पत्ता एकाच दिशेने फिरत राहतो ना,
तर काही दोऱ्यांचा पीळ वाढत जातो,
काहींचा सुटत जातो.
ज्याचा सुटतो तो भांडत नाही, तुटत नाही,
मुकाट्याने कापूस होऊन जातो.

रुबेमने जाळ्याचा नायलॉन दिला.
रंग जात नाही, लव नाही, कुजत नाही.
पण मासा धरायला केलेला दोरा
माणसाच्या मानेशीही तसाच वागतो.

रेशमाला हात लावला.
भाव विचारला.
हात काढला.

शेवटी पिएदादबायने बिस्किटांचा डबा उघडला.
क्रोशाचं सूत, तीन पदरी, घट्ट पिळाचं,
कपेलाच्या वेदीला झालर करायची म्हणून आणलेलं.
आता सुईचं टोक तिला दिसत नाही.
पांढऱ्या चार गुंड्या, कौलाच्या रंगाच्या दोन.
म्हणाली, डोळ्याने निवडू नकोस.
नखावर घास, लव उठते का बघ.
मग कानाशी धरून तोड.
वाईट सूत फुस्स करून जातं.
हे तुटलं तेव्हा टण् वाजलं,
मडक्यावर कातडं वाळून बसलं की
फोंडू टिचकी मारून ऐकतो, अगदी तसं.

तांबडी गुंडी आम्ही गरम पाण्यात घातली,
तिच्या पांढऱ्या बशीत, रात्रभर.
सकाळी उठल्या उठल्या दोघी बशीशी.
पाणी पाण्यासारखंच होतं.

अर्ध्या पट्ट्यानंतर सगळा पीळ
खिडकीशी जाऊन गुंडाळत बसला.
तेव्हा पत्ते उलटे फिरवायला लागले,
नक्षीही तिथून मागे वळली.
ती जागा बरोबर खांद्यावर येईल अशी मोजून धरली.
आडवा दोरा कुणाला दिसत नाही,
तिथे रुबेमचा नायलॉन घातला. फुकट का घालवा.

चवथीला फोंडूने पट्टा गळ्यात अडकवला,
दोनदा ओढून पाहिला,
बरा की वाईट काही बोलला नाही.
सदरा मात्र पांढराशुभ्र घालून आला होता.

अंगणाच्या कडेला पिएदादबाय उभी होती.
सगळे घुमट ऐकत होते,
ती त्याच्या खांद्याकडे बघत होती.